हबराना: रानातले हत्ती आणि तळ्याकाठचं गाव, तीन दिवसांची सहल कशी आखावी

श्रीलंकेच्या सहलीचे आपल्याकडे दोन ठरलेले प्रकार आहेत. एक रामायणातल्या जागा दाखवणारी बस, आणि दुसरी कोलंबो-कँडी-नुवारा एलिया-बेंटोटा अशी धावपळ. या दुसऱ्या प्रकारात 'हत्ती' म्हणून वाटेत पिन्नवलाच्या हत्ती अनाथालयात थोडा वेळ थांबवतात आणि 'गाव' म्हणून मसाल्याच्या बागेत नेऊन तेल विकतात. तुमच्याकडे मोजके दिवस असतील, हत्ती मोकळे बघायचे असतील आणि हॉटेलच्या फाटकाबाहेरचा माणूसही भेटावा असं वाटत असेल, तर देशभर फिरू नका. उत्तर-मध्य भागातल्या हबरानाला जा आणि दोन रात्री तिथेच राहा. सकाळ गावासाठी ठेवा, दुपार हत्तींसाठी.

आधी तळं समजून घ्या

हे वाचायचा कंटाळा केलात तर पुढचा सगळा बेत डोळे झाकून आखल्यासारखा होईल.

हा श्रीलंकेचा कोरडवाहू भाग. इथला मुख्य पाऊस ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंतचा, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. बाकी वर्ष काढायचं तर पाणी साठवायलाच हवं, म्हणून दोन हजार वर्षांपासून राजांनी आणि गावकऱ्यांनी ओढे अडवून तळी बांधली. सिंहली लोक तळ्याला 'वेव' म्हणतात. वरच्या तळ्याचा सांडवा खालच्या तळ्यात, त्याचा त्याच्या खालच्यात, अशी ही साखळी असते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेनं २०१७ मध्ये या तळी-गाव व्यवस्थेला जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. भंडारा-गोंदियाकडचे मामा (माजी मालगुजारी) तलाव ज्यांनी पाहिलेत त्यांना यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल.

हबरानाजवळच्या मिन्नेरियाचं विशाल तळं महासेन राजानं बांधलं. त्याचा काळ इसवी सन २७६ ते ३०३. आसपासचे शेतकरी त्याला आजही 'मिन्नेरी देवियो' म्हणून पुजतात. पाणी देणारा राजा देव झाला, यात नवल नाही.

आता हत्ती. उन्हाळा चढतो तसं तळ्यातलं पाणी शेतीला जातं, काठ आत सरकतो आणि उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत उगवतं. त्याच वेळी आजूबाजूचं रान वाळलेलं असतं. मग दूरदूरच्या जंगलांतून कळप या गवतासाठी तळ्यावर येतात. चांगल्या वर्षी एका संध्याकाळी दोनशे-तीनशे हत्ती दिसतात, आणि आशियाई हत्ती एका जागी एवढ्या संख्येनं दिसण्याची जागा जगात दुसरी सांगता येत नाही. म्हणजे हा देखावा निसर्गाचा असला तरी त्याची मांडणी माणसानं केली आहे. शेतकऱ्याचं तळं आणि हत्तीचं कुरण एकच. म्हणूनच हत्ती आणि गाव ही सहलीतली दोन वेगळी कलमं धरू नका.

महिना ठरवा, मग तिकीट काढा

मिन्नेरियाचा हंगाम जुलै ते ऑक्टोबर, आणि त्यातही ऑगस्ट-सप्टेंबर सगळ्यात भरात. आपल्याकडे तेव्हा पावसाळा असतो, सहलीला जायचं कुणाच्या मनात नसतं. पण स्वातंत्र्यदिनाला जोडून आलेली सुट्टी किंवा गणपती विसर्जनानंतरचा आठवडा यासाठी अगदी नेमका आहे. (बाप्पाला पोचवून लगेच त्याच्या भाऊबंदांना भेटायला जाण्याची कल्पना घरातल्या मुलांना फार आवडते.) तिकडे त्या वेळी कडक ऊन आणि कोरडा वारा असतो, छत्रीची गरज सहसा पडत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत जात असाल तर पाऊस सुरू होत असतो, तळी भरू लागतात आणि कळप रानात पांगतात. तेव्हा मिन्नेरियाचा हट्ट धरू नये. हबरानाला लागूनच असलेलं हुरुलू इको पार्क पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत चांगलं. मोकळ्या तळ्याऐवजी तिथे गवताळ माळ आणि झुडपी जंगल आहे. हत्ती कमी दिसतात, पण जीपगाड्यांची गर्दीही कमी असते.

मे महिन्याच्या सुट्टीशिवाय निघताच येत नसेल तर सरळ बेत बदला आणि दक्षिणेकडच्या उडवलवेला जा. हे राष्ट्रीय उद्यान १९७२ चं. तिथे वर्षभर हत्ती दिसतात. शिवाय १९९५ पासून वन्यजीव खात्याचं हत्ती संक्रमण केंद्र तिथे चालतं. आईपासून तुटलेली पिल्लं वाढवून पुन्हा जंगलात सोडायची हे त्याचं काम. पाहुण्यांनी ठरलेल्या वेळी लांबच्या कठड्यावरून दूध पाजताना बघायचं, हात लावायचा नाही. लहान मुलं बरोबर असतील तर हे पिन्नवलापेक्षा कितीतरी बरं.

एक गोष्ट टूरवाले सहसा सांगत नाहीत. अंबन गंगेवर मोरगहकंदचं मोठं धरण झाल्यापासून, म्हणजे २०१८ पासून, कोरड्या महिन्यांतही मिन्नेरियात पाणी सोडलं जातं. एखाद्या वर्षी त्यामुळे तळं हवं तसं आटत नाही, गवत पाण्याखाली राहतं आणि कळप शेजारच्या कौडुल्लाच्या तळ्याकडे वळतात. म्हणून जीप ठरवताना मिन्नेरियाच पाहिजे असं म्हणू नका. 'या आठवड्यात हत्ती कुठे आहेत?' एवढंच विचारा. मिन्नेरिया, कौडुल्ला आणि हुरुलू ही तिन्ही रानं हबरानाहून जवळ आहेत आणि हत्तींची त्यांच्यात सतत ये-जा असते. मुक्कामासाठी हबराना निवडण्याचं मुख्य कारण हेच.

तारीख धरण्याआधी पौर्णिमा बघून घ्या. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला 'पोया'ची सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवशी दारूची विक्री बंद असते, ते एक वेळ सोडा. पण जोडून सुट्ट्या आल्या की सिगिरियाचा खडकावरचा किल्ला, दंबुल्लाच्या लेण्या आणि उद्यानं स्थानिक लोकांनी भरून जातात. ऑगस्टच्या आसपास कँडीचा पेराहेरा उत्सव असतो, त्या दिवसांत कँडीतल्या खोल्यांचे भाव आभाळाला भिडतात. तुम्हाला कँडीला जायचंच नाही, त्यामुळे तुम्ही सुटलात.

कागदपत्रं आणि पैसे

भारतीय पासपोर्टवर निघण्याआधी इलेक्ट्रॉनिक परवानगी घ्यावी लागते, तिला ईटीए म्हणतात. फी कधी माफ होते, कधी पुन्हा लागू होते, म्हणून अर्ज करायच्या दिवशी श्रीलंका सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरचाच नियम धरा. सरकारी वाटतील अशी नावं घेऊन जादा पैसे उकळणारी संकेतस्थळं बरीच आहेत.

यूपीआय श्रीलंकेत फेब्रुवारी २०२४ पासून चालतं, पण ते शहरातल्या दुकानांत. गावात, जीपवाल्याला आणि नावाड्याला रोख श्रीलंकन रुपये लागतात. विमानतळावर किंवा दंबुल्लाच्या एटीएममधून ते काढून ठेवा. पासपोर्ट नेहमी जवळ असू द्या. सिगिरियासारख्या ठिकाणी सार्क देशांच्या नागरिकांना तिकीट बरंच स्वस्त पडतं, पण तुम्ही भारतीय आहात हे खिडकीवर दाखवावं लागतं. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून आलेली मंडळी पूर्ण दर भरताना दिसतात.

पोहोचायचं कसं

मुंबईहून कोलंबोला थेट विमान आहे, प्रवास साधारण अडीच तासांचा. घड्याळ बदलायची गरज नाही, दोन्ही देशांची वेळ एकच. विमानतळ कोलंबो शहरात नसून उत्तरेला कटुनायकेला आहे, म्हणजे हबरानाच्याच दिशेला. त्यामुळे कोलंबोत न शिरता कुरुनेगला-दंबुल्लामार्गे सरळ निघता येतं. गाडीनं चार तास धरा.

चौघं असाल तर मुक्कामाच्या घरमालकालाच गाडी पाठवायला सांगणं सोयीचं पडतं. एकटे किंवा दोघं असाल आणि घाई नसेल तर बस आहेत: कुरुनेगला, तिथून दंबुल्ला, आणि दंबुल्लाहून त्रिंकोमाली किंवा पोलोन्नरुवाकडे जाणारी कुठलीही गाडी हबराना चौकात सोडते. आगगाडीनंही जाता येतं, कोलंबो-बट्टिकलोआ मार्गावर हबराना स्थानक आहे. गाड्या मोजक्या आहेत आणि वेळा अडनिड्या. याच मार्गावर हबरानाजवळ २० फेब्रुवारी २०२५ ला रेल्वेच्या धडकेत सहा हत्ती मेले होते. रूळ हत्तींच्या वाटेवरच टाकलेले आहेत.

कसंही या, पण अंधार पडायच्या आत पोहोचा. संध्याकाळनंतर हबराना-मिन्नेरिया आणि हबराना-त्रिंकोमाली रस्त्यावर हत्ती खुशाल उभे असतात. भाड्याच्या स्कूटरवरून रात्री फिरायचा विचार मनातून काढून टाका.

मुक्काम

हबराना चौकात मोठी हॉटेलं आहेत, चांगलीही आहेत, पण या सहलीला ती नकोत. जवळच्या हिरिवडुन्ना गावाच्या बाजूला किंवा सिगिरियाच्या आसपासच्या वाड्यांमध्ये घरगुती मुक्काम शोधा. तीन-चार खोल्या, अंगणात फणस-आंबा, आणि स्वयंपाक घरातल्या बाईच्या हातचा. खोली बघताना तीन प्रश्न विचारा: रात्रीचं जेवण घरात मिळेल का, जीप तुम्ही ठरवून द्याल का, आणि अंगणाला कुंपण आहे का? शेवटचा प्रश्न ऐकून मालक हसेल, पण उत्तर गंभीरपणे देईल. कुंपणाबाहेरच्या पायवाटेवर रात्री बॅटरी घेऊनसुद्धा जाऊ नये. हत्ती अंधारात अजिबात दिसत नाही आणि चालताना त्याचा आवाजही येत नाही.

मच्छरदाणी आहे का तेही बघा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये श्रीलंका मलेरियामुक्त जाहीर केली आहे, पण डेंग्यू आहे.

पहिला दिवस: काहीही ठरवू नका

पहाटेचं विमान, चार तासांचा रस्ता आणि लगेच दुपारी जीप, असा बेत कागदावर बसतो आणि प्रत्यक्षात सगळे जीपमध्ये डुलक्या घेतात. पहिल्या दिवशी पोहोचा, जेवा, झोपा. उन्हं कलली की जवळच्या छोट्या तळ्याच्या बांधावर जाऊन बसा. शाळेतून आलेली पोरं पोहत असतात, बायका धुणं धुतात, म्हशींना पाण्यातून बाहेर काढणारा कुणीतरी ओरडत असतो. आंघोळीच्या घाटाकडे कॅमेरा रोखू नका. अंधार व्हायच्या आत परत फिरा.

दुसरा दिवस, सकाळ: गाव

हबरानात 'व्हिलेज टूर' नावाची ठरीव गोष्ट विकली जाते. बैलगाडीतून थोडं जायचं, मग होडीनं तळं ओलांडायचं, पलीकडे मातीच्या झोपडीत एक बाई भाकरी थापून दाखवते, केळीच्या पानावर जेवण, आणि टुकटुकनं परत. परदेशी पाहुण्यांसाठी बेतलेला कार्यक्रम आहे हा. तो वाईट नाही, त्यातून गावातल्या बऱ्याच घरांना रोजगार मिळतो. पण आपण मराठी माणसं, त्यामुळे यातलं काय ठेवायचं आणि काय गाळायचं ते ठरवू शकतो.

बैलगाडी गाळा. आपल्यापैकी बहुतेकांना तिचं अप्रूप नाही, आणि दिवसभर पाहुणे ओढून बैल दमतात. उरलेला वेळ होडीला द्या. दोन कोरीव होड्या शेजारी बांधून वर फळ्या टाकलेल्या असतात, आणि तळं कमळांनी भरलेलं असतं. नावाडी कमळाच्या पानाची टोपी करून डोक्यावर घालतो, ती मुकाट्यानं घालून घ्यावी, ऊन फार असतं. पाणकावळे, खंड्या, जांभळ्या पाणकोंबड्या भरपूर. सकाळी सातला निघालात तर हे सगळं दिसतं, दहानंतर फक्त ऊन दिसतं.

पलीकडे उतरल्यावर 'हेन' बघायला मागा. हेन म्हणजे रान साफ करून केलेली पावसाच्या भरवशावरची शेती, इंग्रजीत जिला 'चेना' म्हणतात. तिच्यात मका, तीळ, मूग, भोपळा, मिरची आणि कुरक्कन पिकतं. कुरक्कन म्हणजे आपली नाचणी. जुलै-सप्टेंबरमध्ये हेन बहुतेक ओसाड असते, पण कडेच्या झाडावर बांधलेला राखणीचा माळा दिसतो. पीक उभं असताना घरातला माणूस रात्र रात्र त्यावर जागतो. हातात बॅटरी आणि मोठ्या आवाजाचे फटाके. हत्तींसाठीचे हे फटाके सरकारही वाटतं.

इथे घाई करू नका, कारण सहलीतला सगळ्यात मोलाचा तास हाच. वाटाड्याला मध्ये घालून त्या शेतकऱ्याशी बोला. मागच्या हंगामात हत्ती किती वेळा आला? विजेचं कुंपण कुणी घातलं, त्याची निगा कोण राखतं? नुकसानभरपाई मिळते का, किती दिवसांनी? दोडामार्ग, चंदगड किंवा आजऱ्याकडचा कुणी तुमच्यात असेल तर गप्पा आपोआप रंगतात. सिंधुदुर्गात २००२ पासून आणि गडचिरोलीत २०२१ पासून हेच प्रश्न लोकांच्या दारात आहेत. श्रीलंकेत गेल्या काही वर्षांत या संघर्षात दरसाल शेकडो हत्ती आणि शंभरावर माणसं जिवाला मुकतात. पृथ्वीराज फर्नांडो या संशोधकांनी इथे बरीच वर्षं एक साधा विचार मांडला आहे: कुंपण जंगलाभोवती घालण्याऐवजी गावाभोवती आणि पिकाच्या दिवसांपुरतं शेताभोवती घालावं, म्हणजे ते राखायला गावकऱ्याचा स्वतःचा हात असतो. गावाभोवतीचं असं कुंपण दिसलं तर त्याच्या फाटकाशी दोन मिनिटं थांबा. रात्री ते कोण बंद करतं, सकाळी कोण उघडतं, एवढं विचारलंत तरी गावाचा कारभार कळतो.

मग स्वयंपाकघर. नारळ खोवायची खोवणी, पाटा-वरवंटा, उखळ-मुसळ, सूप, जातं, सगळं मांडून ठेवलेलं असतं आणि पाहुण्यांनी करून बघावं अशी अपेक्षा असते. आपल्याकडच्या कोकणातल्या मावश्या-काकू इथे फार खूष होतात. नारळाची वाटी त्या यजमानीणबाईपेक्षा भरभर खोवतात, आणि मग दोघींना एकमेकींची भाषा येत नसताना तासभर गप्पा चालतात.

जेवण, आणि शाकाहाऱ्यांसाठी इशारा

पानात भात, मसुरीची पातळ डाळ म्हणजे परिप्पू, कोवळ्या फणसाची भाजी, वांग्याचं आंबट-गोड लोणचं, कमळाच्या देठा-कंदाची भाजी, ब्राह्मीसारख्या पानांची ओला नारळ घातलेली कोशिंबीर, पापड, आणि तळ्यातला मासा. शिवाय कुरक्कनची रोटी आणि पोल संबोल, म्हणजे ओला नारळ, लाल मिरची, कांदा आणि लिंबू पाट्यावर वाटून केलेली चटणी.

पोल संबोल दिसायला शाकाहारी असतं, पण त्यात बहुतेक वेळा 'उंबलकड' असतं, म्हणजे सुकवलेल्या माशाचा चुरा. डाळीत आणि भाज्यांतही तो पडतो. तो घालणाऱ्याला ते मांसाहारी वाटतच नाही, त्यामुळे नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही. आदल्या रात्रीच सांगून ठेवा: 'उंबलकड दान्न एपा', उंबलकड घालू नका. 'मस् मालु कन्ने नॅ', मांस-मासे खात नाही. जैन पद्धतीचं जेवण मात्र इथे अवघड, कांदा-लसणाशिवाय त्यांचा तवा तापत नाही. खाकरे बरोबर असू द्या.

शेवटी म्हशीच्या दुधाचं मडक्यात लावलेलं दही आणि त्यावर कितुलचा काकवीसारखा पाक. कितुल म्हणजे आपल्या कोकणातला भेरली माड. पाक अस्सल आहे का हे विचारून घ्या. भेसळ फार चालते.

दुसरा दिवस, दुपार: जीप

जीपचं भाडं माणशी नसून गाडीमागे असतं, बहुतेक गाड्यांत सहा जण बसतात. उद्यानाचं तिकीट वेगळं, आणि फलकावरच्या तिकिटाच्या आकड्यावर सेवाशुल्क, गाडीची फी आणि कर चढतात. म्हणून जीप ठरवताना 'सगळं धरून किती?' असाच प्रश्न विचारा आणि उत्तर कागदावर घ्या. दोघंच असाल तर घरमालकाला सांगून आणखी एखाद्या कुटुंबाबरोबर जोडून घ्या.

दुपारी अडीच-तीनला निघा. कळप सावलीतून तळ्याच्या गवतावर साधारण चारनंतर उतरायला लागतात आणि अंधार पडायच्या आत उद्यानाबाहेर यावं लागतं. सकाळची फेरी स्वस्त सांगितली तरी हंगामात संध्याकाळचीच घ्या.

आता वागणुकीचं. भर हंगामात एका तळ्यावर डझनावारी जीपगाड्या असतात. एका ड्रायव्हरला कळप दिसला की सगळे तिकडे धावतात, कारण पाहुणे खूष झाले तर बक्षिसी मिळते. म्हणजे हे थांबवणं बरंचसं आपल्याच हातात आहे. निघतानाच सांगा: 'लंगट यन्न एपा', जवळ जाऊ नका. 'हेमिन् यन्न', हळू चला. हत्तीच्या आणि पाण्याच्या मध्ये गाडी घालू नका आणि कळपाला वेढू नका, एवढं दुभाष्याकडून ड्रायव्हरला नीट समजावून द्या. जो ड्रायव्हर इंजिन बंद करून लांब उभा राहतो त्याला बक्षिसी सढळ हातानं द्या, आणि ती कशासाठी हेही सांगा.

गाडीतून उतरायचं नाही, खायला टाकायचं नाही, फ्लॅश नाही, ड्रोन तर नाहीच. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या हत्तीला केळी देणारे लोक दिसतील. तो हत्ती पुढे प्रत्येक गाडी अडवायला शिकतो आणि शेवटी एखाद्या अपघाताला किंवा गोळीला बळी पडतो.

बघायचं काय

पहिली दहा मिनिटं फोटोंत जातात, ती जाऊ द्या. मग फोन खिशात ठेवा आणि एकाच कळपाकडे अर्धा तास बघा.

गवत आखूड असतं, सोंडेनं उपटता येत नाही. मग हत्ती पुढच्या पायाच्या नखांनी जमीन खरवडतो, सुटलेलं गवत सोंडेनं गोळा करतो, पायावर आपटून माती झाडतो आणि तोंडात टाकतो. ही लय एकदा लक्षात आली की नजर हटत नाही. पिल्लं मोठ्यांच्या पायांमध्ये असतात, त्यांना हे खरवडणं अजून जमत नसतं. कळप माद्यांचा आणि पिल्लांचा. वयात आलेला नर एकटा फिरतो आणि कळपाजवळ येऊन-जाऊन असतो.

सुळे शोधत बसू नका. श्रीलंकेत दहातल्या एकाही नराला सुळे नसतात, इतके ते विरळ. बिनसुळ्याच्या हत्तीला 'अलिया' आणि सुळेवाल्याला 'ॲता' अशी वेगळी नावंच आहेत. 'ॲता' दिसला की ड्रायव्हरचाच आवाज चढतो, त्यावरून ओळखा.

कान संथ हलत असतील, शेपूट सैल असेल, तर सगळं ठीक. कान ताठ पसरले, खाणं थांबलं, डोकं वर झालं, माद्यांनी पिल्लांना मध्ये घेतलं, तर तुमची गाडी त्यांना नको आहे. डोळ्याच्या आणि कानाच्या मध्ये गंडस्थळावरून काळपट ओघळ दिसला तर नर मदात आहे. तिथून काहीही न बोलता मागे यायचं.

काय टाळायचं

हबरानात हत्तीवर बसवून फिरवतात. बसू नका. हत्तीची पाठ ओझ्यासाठी नाही, आणि त्याला माणसं वाहायला तयार करण्याची रीत अंकुश आणि साखळदंडाची आहे. हत्तीला आंघोळ घालायची संधी म्हणून जे विकतात त्यातही हत्तीला नको तेव्हा पाण्यात पाडून ठेवलेलं असतं. पिन्नवलाचं सरकारी अनाथालय १९७५ मध्ये अनाथ पिल्लांसाठी सुरू झालं हे खरं, पण दुपारी पूर्ण मोकळे कळप बघणार असाल तर साखळ्या आणि गर्दी बघायला वाकडी वाट करायची गरज नाही.

तिसरा दिवस आणि परतीचा प्रवास

सकाळी सिगिरिया, हबरानापासून अर्ध्या तासावर. दरवाजा उघडतानाच चढायला लागा, नऊनंतर दगड तापतो. उंचीची भीती असणाऱ्यांनी पायथ्याच्या बागांवर समाधान मानावं, त्याही पाचव्या शतकातल्या आहेत, काश्यप राजाच्या. गुडघे धरत असतील तर सिगिरिया सोडून वाटेवरच्या दंबुल्लाच्या लेण्या बघा. तिथे चपला आणि टोपी काढावी लागते, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढायचा नाही. हा नियम तिथे मनापासून पाळला जातो.

सामानात फिक्या रंगाचे लांब बाह्यांचे सदरे, रुमाल आणि टोपी (जीपमध्ये धूळ भयंकर), दुर्बीण असेल तर दुर्बीण, आणि भरून घेता येईल अशी पाण्याची बाटली. गावातल्या मुलांसाठी चॉकलेटं नेऊ नका, पोरं पाहुण्यांकडे हात पसरायला शिकतात. द्यायचंच असेल तर यजमानांना घरचा चिवडा किंवा लाडू द्या, त्यांना फार अपूर्वाई वाटते.

परतीचं विमान मध्यरात्रीचं असेल तर दुपारी दोनलाच दंबुल्ला सोडा. कुरुनेगलापासून पुढे संध्याकाळची वाहतूक दाट होते. विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं असेल तर शेवटची रात्र विमानतळाजवळच्या निगंबोला काढा, आणि हबरानाचे उरलेले सुटे श्रीलंकन रुपये तिथल्या मासळी बाजाराबाहेरच्या चहाच्या टपरीवर संपवा. ते मुंबईत कुणी बदलून देत नाही.